तंगेव्वाचे कडबू

“...पण बाबा, चुकलं कुणाचं, ते तरी सांगाल की नाही?”

मठातला शिष्य पद्मनाभ यानं हे तिसऱ्यांदा विचारलं. मठाचे रेवणबाबा त्याच्याकडं न बघता जपमाळ ओढत होते. नैवेद्याचं ताट गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर पडून होतं. त्यावरची वाफ केव्हाच गेली होती.

त्या मठाची रीत अशी, की ज्यानं रांधलं त्यानंच उंबऱ्याशी उभं राहून देवाला सांगायचं, काय आणलंय ते. दुसऱ्याच्या तोंडून चालत नाही. मठाची स्वैपाकीण तंगेव्वा तीस वर्षं दर विनायकीला सांगत आली होती, “देवा, कडबू आणलेत.”

आज पुण्याहून चार विद्वान आले होते, या एका पदार्थाची देशोदेशीची नावं टिपलेली पद्मनाभची वही बघायला. त्यांच्यादेखत त्यानं म्हातारीला अडवलं. मोदक म्हण, म्हणाला. मोद म्हणजे आनंद. कडबू हा खेडवळ शब्द, देवापुढं शोभत नाही.

तंगेव्वानं ताट खाली ठेवलं आणि चालती झाली. आता ती वेशीवर एसटीच्या थांब्याशी गाठोडं घेऊन बसली होती. तीनच्या गाडीनं लेकीकडं, ती कायमचीच.

देव उपाशी, पाहुणे उपाशी, बाबाही उपाशी.

“तीन वर्षं घासलीत मी या वहीवर,” पद्मनाभ म्हणाला. कानशिलं तापली होती त्याची. “तेलुगूत कुडुमु, तमिळमध्ये कोळुकट्टै. रशियात पेलमेनी, म्हणजे कानाच्या आकाराची भाकरी. चीनच्या दक्षिणेला तर नावाचा अर्थच ढग गिळणं. चाळीस नावं आहेत, बाबा. आणि तुम्ही एका स्वैपाकिणीसाठी...”

“छान आहेत नावं.”

“आणि आतलं सारण एकच, असलं काही सांगू नका मला. ते मलाही कळतं.”

“एकच कुठलं? ती चिमूटभर मीठ घालते.”

पद्मनाभ चरफडला. “मग आता करायचं काय? पाहुणे ताटकळलेत.”

“तू सांग देवाला.”

“मी कुठं केलेत?”

“मग कर.”

बाबांचा आवाज अगदी खाली गेला होता. बाबा असे हळू बोलू लागले, की मठातली मांजरंसुद्धा उठून जायची. पद्मनाभ उठला.

पाण्याला आधण आलं. त्यानं तांदळाची पिठी ओतली, झाकण ठेवलं, उकड परातीत काढली. बोट लावलं तर चटका. जरा निवू दे, म्हणून तो थांबला. मग मळली. पारी करताना कडा चिरत होत्या, तरी सारण भरून रेटून मुरडल्या, हळदीच्या पानावर मांडल्या, वाफेला लावल्या.

झाकण काढलं... सगळे फुटलेले. गूळ पानावर वाहिलेला, खोबरं बाहेर, वर पिठाचे ओठ उघडे.

तेच ताट घेऊन तो उंबऱ्याशी आला. पाहुण्यांपैकी एकजण खाकरला.

“सांग,” बाबा म्हणाले.

“देवा...”

चाळीस नावं होती. एकही त्या लगद्यावर बसेना.

“याला नाव नाही,” पद्मनाभ दात आवळून म्हणाला.

“मग देवानं काय म्हणून खावं?”

पद्मनाभनं ताट उचललं आणि तसाच अनवाणी वेशीकडं निघाला. रस्ता तापला होता. राग कुणाचा येतोय, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं.

तंगेव्वानं त्याच्याकडं बघितलंही नाही. “आणखी एखादं नाव पाहिजे काय वहीत?”

“नाही. हे फुटले का, ते विचारायला आलोय.”

तिनं तिरक्या नजरेनं ताट बघितलं. एक उचलून अंगठ्यानं दाबला.

“निवू दिलीस उकड.”

“हात भाजत होते.”

“मग?”

गाडी आली. कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, “चला अव्वा, बसा लवकर.” तंगेव्वानं पद्मनाभच्या हातांकडं बघितलं. मग कंडक्टरकडं. मग पुन्हा त्या ताटाकडं. असलं काही घरात करून ठेवलंय आणि आपण गाडीत बसायचं, हे काही तिला सोसेना.

“जा रे बाबा तू,” ती कंडक्टरला म्हणाली. पद्मनाभच्या अंगावर गाठोडं टाकलं. “चूल तरी विझवलीस काय तम्मा, का मठ पेटवून आलास?”

ती चार पावलं पुढं चालत मठात आली. हातपाय धुतले, उंबऱ्याशी गेली, आपलं ताट उचललं आणि पाहुण्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाली, “देवा, कडबू आणलेत. गार झालेत.”

पंगत बसली. तंगेव्वा वाढत होती, पद्मनाभच्या पानात जरा लांबूनच टाकत होती.

शेवटी त्याला राहवलं नाही. कमरेची वही काढून तो बाबांशेजारी वाकला. आवाज नरम होता, पण पेन्सिल तयार होती.

“बाबा, आधीचं नाव कोणतं, कडबू की मोदक? एवढंच लिहायचं राहिलंय.”

बाबांनी हात लांब करून त्याचं ते फुटक्यांचं ताट ओढलं. त्यातला एक उचलून आपल्या पानात घेतला. गूळ बोटांवर आला, तो चाटला.

“आधी याचं लिही.”