टिंबीचा बेदाणा

ओट्याजवळ खिडकी. खिडकीला भेग. भेगेत राहायची एक मुंगी. तिचं नाव टिंबी. कागदावर पेनचं टोक टेकवावं, एवढीशी.

एकदा टिंबीला बेदाणा सापडला. बरणीच्या मागे पडला होता. पिवळा, मऊ, गोड.

टिंबीला याआधी कधीच काही सापडलं नव्हतं. इतर मुंग्यांना साखर सापडायची. रवा सापडायचा. टिंबी नुसती रांगेत चालायची. आज तिचा स्वतःचा बेदाणा होता. तो घरी न्यायचा होता. सगळ्यांना दाखवायचा होता.

त्याच दिवशी जुईचे आजोबा केक करत होते. आजोबा नव्यानंच केक शिकत होते. मागचा केक दगडासारखा झाला होता. त्याच्या आधीचा मधोमध खचला होता. आज त्यांनी गव्हाचं पीठ घेतलं. दही घेतलं. गूळ घेतला. सगळं मोठ्या भांड्यात घातलं. विजेवरचा बीटर शेजारी ठेवला. ओव्हन तापत ठेवला. तेवढ्यात छोटी जुई रडायला लागली. आजोबा हात धुऊन तिच्याकडे गेले.

टिंबी वरच्या फळीवरून चालली होती. बेदाणा ओढत होती. सर सर सर. फळीच्या खालीच होतं भांडं.

बेदाणा सटकला.

गुपुक.

पिठात पडला. दिसेनासा झाला.

टिंबी भिंतीवरून खाली आली. तुरुतुरु तुरुतुरु. भांड्याजवळ गेली.

"भांड्या भांड्या, बेदाणा दे ना."

भांडं म्हणालं, "कसा देऊ? पीठ आहे घट्ट. बेदाणा बसलाय रुतून. बीटर फिरला तर पीठ होईल सैल. पीठ सैल झालं तर देईन."

टिंबी गेली बीटरकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"बीटर बीटर, फिर ना.
भांडं देईना,
बेदाणा मिळेना,
घरी मी नेऊ काय?"

बीटर म्हणाला, "कसा फिरू? अंगात वीज नाही. भिंतीवरचं बटण दबलं तर येईल वीज. वीज आली तर फिरेन."

टिंबी भिंतीवर चढली. तुरुतुरु तुरुतुरु.

"बटणा बटणा, दब ना.
बीटर फिरेना,
भांडं देईना,
बेदाणा मिळेना,
घरी मी नेऊ काय?"

बटण म्हणालं, "कसं दबू? तू ढकललंस तर मला कळणारही नाही. आजोबांचं बोट हवं. आजोबा आले तर दबेन."

टिंबीनं तरी ढकलून पाहिलं. बटण हललं नाही. मग ती भिंत उतरली. उंबरा ओलांडला. बाहेरच्या खोलीत गेली. तुरुतुरु तुरुतुरु. आजोबा खुर्चीत बसले होते. मांडीवर जुई होती. टिंबी खुर्चीच्या हातावर चढली.

"आजोबा आजोबा, या ना.
बटण दबेना,
बीटर फिरेना,
भांडं देईना,
बेदाणा मिळेना,
घरी मी नेऊ काय?"

आजोबांनी चष्मा खाली करून पाहिलं.

"कसा येऊ गं? जुई रडतेय. खाली ठेवली की आणखी रडते. माझा केकही तसाच पडलाय बघ. जुई हसली तर येईन."

टिंबी जुईच्या गुडघ्यावर गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"जुई जुई, हस ना.
आजोबा येईनात,
बटण दबेना,
बीटर फिरेना,
भांडं देईना,
बेदाणा मिळेना,
घरी मी नेऊ काय?"

जुई म्हणाली, "खुखु." आणि पुन्हा रडली.

आजोबा म्हणाले, "खुखु म्हणजे तिचा खुळखुळा. सकाळपासून मिळत नाहीये. मी सगळीकडे पाहिलं. खुळखुळा वाजला तर जुई हसेल."

टिंबी खाली उतरली. पलंगाखाली पाहिलं. नाही. कपाटाखाली पाहिलं. नाही. दाराजवळ चटईवर बोका झोपला होता. लठ्ठ, पांढरा, गोल. त्याच्या पोटाखालून एक लाल दांडी बाहेर आली होती. तोच खुळखुळा.

टिंबी तिथे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"खुळखुळ्या खुळखुळ्या, वाज ना.
जुई हसेना,
आजोबा येईनात,
बटण दबेना,
बीटर फिरेना,
भांडं देईना,
बेदाणा मिळेना,
घरी मी नेऊ काय?"

खुळखुळा दबक्या आवाजात म्हणाला, "कसा वाजू? बोका झोपलाय माझ्यावर. बोका उठला तर मी घरंगळेन. घरंगळलो तर वाजेन."

टिंबी बोक्याच्या पंजासमोर उभी राहिली. बोक्याचं एक नख टिंबीपेक्षा मोठं होतं.

"बोकोबा बोकोबा, उठा ना.
खुळखुळा वाजेना,
जुई हसेना,
आजोबा येईनात,
बटण दबेना,
बीटर फिरेना,
भांडं देईना,
बेदाणा मिळेना,
घरी मी नेऊ काय?"

बोक्यानं एक डोळा उघडला.

"नाही उठत."

"काय केलं तर उठाल?"

"काहीही केलं तरी नाही उठत," बोका म्हणाला. त्यानं डोळा मिटला. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

आता पुढे कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. टिंबी खाली बसली. तिला घर आठवलं. बेदाणा आठवला. थोडं रडू आलं.

मग ती उठली. बोक्याच्या पंजावर चढली. पंजावरून मिशीवर. मिशीवरून नाकावर. बोक्याचं नाक गुलाबी होतं, ओलं होतं. टिंबी त्याच्यावर चालायला लागली. इकडून तिकडे. तिकडून इकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

बोक्याचं नाक हललं.

टिंबी चालतच राहिली. तुरुतुरु तुरुतुरु.

बोक्याचे कान हलले. मिशा हलल्या.

आ... आ... आ...

फटाक् छी.

टिंबी उडून चटईवर पडली.
बोका उठला.
खुळखुळा घरंगळला. खुळ खुळ खुळ.
जुई हसली. खिद् खिद् खिद्.
आजोबा आले. थप थप थप.
बटण दबलं. खट्.
बीटर फिरला. घर्र घर्र घर्र.
पीठ सैल झालं. पचक पचक पचक.

आणि बेदाणा?

बेदाणा आला वर. पण बीटर फिरत होता, तसा बेदाणाही फिरत होता. गोल गोल गोल. टिंबी धावत ओट्यावर आली. भांडं म्हणालं, "मी तर द्यायला तयार आहे. पण तू घेणार कशी?"

तेवढ्यात आजोबांना वाटलं, पीठ झालं का बघू. त्यांनी बीटर वर उचलला. बटण बंद करायचं विसरले.

फर्र फर्र फर्र.

पीठ उडालं भिंतीवर. पीठ उडालं चष्म्यावर. पीठ उडालं आजोबांच्या टकलावर. आणि बेदाणा उडाला ओट्यावर. टप्.

टिंबीच्या अगदी पुढ्यात.

आजोबांनी बटण बंद केलं. चष्मा काढला. "जुई," ते म्हणाले, "आधी मला पुसावं लागणार, मग भिंतीला."

जुई चटईवर बसून खुळखुळा वाजवत होती. ती म्हणाली, "आबा." तिला आणखी हसू आलं.

आजोबांनी उरलेलं पीठ डब्यात ओतलं. डबा ओव्हनमध्ये ठेवला. टिंबीनं बेदाणा धरला आणि मागे मागे ओढत नेला. बेदाण्याला पीठ लागलं होतं. तो आधीपेक्षा जड झाला होता. ती थांबायची, दम घ्यायची, पुन्हा ओढायची. सर सर सर.

भेगेच्या तोंडाशी सगळ्या मुंग्या उभ्या होत्या.

"कुणी आणला?" मोठ्या मुंगीनं विचारलं.

"मी," टिंबी म्हणाली.

मुंग्या बाजूला झाल्या. टिंबी पुढे, मागून बेदाणा, त्याच्या मागे सगळी रांग.

स्वयंपाकघरात ओव्हन वाजला. टिंग. आजोबांनी केकमध्ये सुरी घातली. केक मऊ होता. एका बाजूला थोडा कलला होता. जुईनं दोन्ही हातांनी खाल्ला. बोक्याला कुणी विचारलं नाही. तो पुन्हा झोपला होता.

आत भेगेत सगळ्यात छोट्या मुंगीनं विचारलं, "टिंबीताई, गोड आहे का गं?"

टिंबीनं पहिला घास तिलाच दिला.

केक गेला जुईच्या पोटात, बेदाणा गेला मुंग्यांच्या पोटात, आणि गोष्ट आली तुमच्या कानात.