महाराजांच्या मुठीत येसूचे पत्ते

मोरदुर्गच्या येसू कासारणीला दरबाराने लबाड ठरवलं, तेही तिने एक पान खेळायच्या आधी!

झालं होतं असं. उदाजी महाराजांना संगणकावरच्या पत्त्यांचं भारी वेड. प्रजेतल्या कुणीही आपल्या घरी संगणक लावावा आणि थेट महाराजांशी डाव खेळावा, अशी मोकळीक होती. मग महाराज हरायला लागले. महाराज हरतात म्हणजे समोरचा लबाड, हे प्रधान त्रिंबकपंतांनी लगेच ताडलं. असल्या गोष्टी त्यांना फार लवकर कळत. चौकशी केली तर खरंच, काही बहाद्दर घरबसल्या महाराजांचे पत्ते बघत होते.

पंतांनी तोडगा काढला. चोरपकड नावाचा प्रोग्राम! खेळायचं असेल त्याने तो आपल्या संगणकात बसवायचा. हा गडी संगणकाच्याही आधी जागा व्हायचा, कप्पा न् कप्पा उघडायचा, घरची पत्रं वाचायचा. चोर काही सापडेनात. कुठल्या सासू-सुनांचं पटत नाही, हे मात्र पंतांच्या कचेरीत सगळ्यांना पाठ झालं.

येसूचा संगणक तिच्या दिराने भंगारातले भाग जुळवून उभा केलेला. आतली प्रणालीही फुकटातली, चारचौघांपेक्षा वेगळी. तिलाही एक डाव खेळायची हौस आली, पण चोरपकड तिथे गेला आणि उंबऱ्यातच आडवा पडला. पंतांनी निकाल दिला, "पहारेकऱ्याला आत घेत नाही, म्हणजे चोरच." चावडीवर येसूचं नाव लागलं.

बांगड्या भरायच्या म्हणजे बायकांच्या माजघरात बसायचं. लबाड बाईला माजघरात कोण घेणार? नेहमीच्या घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं, तेव्हा येसूला रडू कोसळलं. मग तिचं डोकंच फिरलं. पदर खोचून ती तडक दरबारात गेली.

"महाराज, चावडीवरचं माझं नाव पुसा."

"चोरपकड बसव, पुसतो."

"तो माझ्याकडे चालत नाही. आणि आता चालला तरी बसवणार नाही. कुणाच्या घरी डोहाळजेवण ठरलंय, हे बायका हिरव्या चुड्याची वर्दी देताना सगळ्यांत आधी मला पत्राने कळवतात. ते पंतांनी कशाला वाचायचं? त्यांना चुडा भरायचाय?"

दरबार खुसखुसला. महाराज मात्र हट्टाला पेटले.

"असं? मग उद्या इथे माझ्यासमोर डाव मांड. चोरपकड नाही, पहारा नाही, तरी लबाडी करता येता कामा नये. जमलं तर नाव पुसतो. नाही तर बांगड्यांची पेटी उचल आणि राज्याबाहेर हो."

"हे खुद्द मलाही जमलेलं नाही," पंत मोठ्या अभिमानाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी येसू पत्त्यांचा जोड घेऊन आली. मागे दीर.

"आधी एक डाव पंतांच्या पद्धतीने," ती म्हणाली. तिने पत्ते वाटले. महाराजांचे महाराजांना दिले. स्वतःचे रुमालात गुंडाळले आणि तेही महाराजांच्याच मुठीत ठेवले.

"हे काय?"

"माझे पत्ते. जवळ ठेवा, पण बघायचे नाहीत हं."

"आणि बघितले तर?"

"म्हणून तर भाऊजींना आणलंय. ते लक्ष ठेवतील. त्यांना फक्त जामदारखान्याच्या, दफ्तराच्या आणि राणीसाहेबांच्या महालाच्या किल्ल्या द्या."

महाराज ताडकन उठले. "वेड लागलंय का तुला? मी बघायचे नाहीत, तर तुझे पत्ते माझ्या हातात देतेस कशाला? ठेव की स्वतःजवळ!"

"हेच पंतांना सांगा ना! प्रत्येक डावात तुमचे पत्ते ते समोरच्या खेळणाऱ्याच्या घरी धाडतात. वर फडकं टाकतात. आणि त्याने फडकं उचलू नये म्हणून पहारेकरी धाडतात. तुमचे पत्ते दरबारातच ठेवा, महाराज. जे त्याच्या घरात आलंच नाही, ते तो बघणार कसं?"

महाराज सावकाश पंतांकडे वळले. "आमचे पत्ते तुम्ही गावभर वाटत होता?"

"सगळं एकदम पाठवलं की..." पंत चाचरले, "कचेरीला सोयीचं पडतं."

महाराज आधी लाल झाले आणि मग असे खदखदून हसले, की मुठीतले पत्ते खाली सांडले. चावडीवरचं येसूचं नाव त्यांनी स्वतः जाऊन पुसलं. राणीसाहेबांच्या महालात चुडे भरायचा मान तिला कायमचा दिला. आणि चोरपकड? तो तेवढा पंतांच्या घरच्या संगणकात राहू द्यावा, असा हुकूम झाला.