माळावरचे लहान हात

घाट चढून पांढरखडीच्या माळावर आलात की रस्त्याकडेच्या खडकांवर रंगवलेले हात दिसतात. तुम्हाला दिसलेच असतील, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी गाडी थांबवून फोटो काढले. एक बोट पुढे केलेला प्रत्येक हात गावतळ्याची वाट दाखवतो. कुणाच्या मनगटात हिरव्या बांगड्या, कुणावर गोंदण, एकाला तर आमच्या सरपंचांनी घड्याळ काढले आहे. काटे मात्र विसरले. पूर्वी गेरू आणि चुना असे, आता ऑइलपेंट आला. ज्याने त्याने आपल्या हौसेने हात नटवावा, गावाची ना नाही. पण माप बदलायचे नाही. लहान मुलीचा असावा एवढाच तो काढायचा. पाहुणे म्हणतात, "किती गोड!" ते ऐकले की आम्ही खाली बघतो. का, ते सांगतो. बसा असे सावलीला.

घाटात गाडीरस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट. लमाणांचे तांडे कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवर लादून याच वाटेने वर येत. माळ हा असा, चारी दिशांना सारखाच. तळे खोलगटात, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. गावात आवडाई नावाची कुंभारीण होती. तिचे घर तळ्याच्या मातीवर चालायचे, म्हणून तिने काठावरच्या देवीला शब्द दिला होता, असे सांगतात, की या वाटेने कोणी तहानलेला जाणार नाही. खडकांवर पहिले हात तिनेच काढले. ते चांगले मोठे होते, लांबून नजरेत भरावेत असे. दरवर्षी भट्टी लावण्याआधी ती ते पुन्हा रंगवी. घाटाखाली लमाण एकमेकांना सांगत म्हणे, की वर हात दिसला की पाणी आलेच समजा.

मग एका साली पाऊस आला नाही. तळे आटत आटत मधल्या डबक्यावर आले. सुभानजी पाटलांनी गाव चावडीत जमवले. म्हणाले, "एक तांडा आला तर बैलं समदं तळं पिऊन जातील. आपली पोरं काय पितील?" प्रश्न खोटा नव्हता. हे आम्ही नेहमी सांगतो, आणि सांगताना बरे वाटत नाही. ठरले, की हात पुसून टाकायचे. आवडाई कोपऱ्यात उभी होती. पाटील तिला म्हणाले, "आवडे, तू काढलंस, तूच पूस." तिने पुसले. सगळा गाव बरोबर गेला, पण पहिला हात तिने पुसला. पाणी वाया जाऊ नये म्हणून कोरड्या वाळूने आणि दगडाने घासले.

त्या उन्हाळ्यात एक तांडा वर आलेला गुराख्यांनी पाहिला. फाट्यावर तो जरा घुटमळला आणि कोरड्या अंगाला वळला. हाकेच्या अंतरावर होता, असे सांगतात. कुणी हाक मारली नाही. तळ्याचे पाणी गावाला पुरले.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. दिवाळी सरल्यावर तोच तांडा वाट विचारत विचारत गावात आला. त्यातली झमकू नावाची बाई आवडाईच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "बाई, थोडा गेरू दे, चुना दे. तुमचे हात गेल्या साली पावसानं धुऊन गेले, आम्हाला वाट घावली नाही. माझी चांदली त्या माळावर पाण्याविना गेली. आता दुसऱ्या कुणाची जाऊ नये."

पावसाने! ज्या साली पाऊस नाही म्हणून तिची मुलगी गेली, ते साल ती विसरेल? शिवाय घासल्याचे पांढरे ओरखडे खडकांवर तसेच होते. आवडाईने गेरू कालवून दिला, तो घेऊन झमकू माळावर गेली, ते ओरखडे बोटांनी चाचपले आणि त्यांच्यावरच हात रंगवले. सारा गाव मागे उभा होता. तिने आम्हाला लपायला जागा करून दिली आणि आम्ही खुशाल त्या जागेत शिरलो. हात एवढे लहान का, असे कुणीतरी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या पोरीचा एवढाच होता." निघताना पाटलांनी तिला खण दिला. खरे काय ते सांगितले नाही.

तांडा गेला आणि आवडाईला अन्न गोड लागेना. देवीला दिलेला शब्द तिने स्वतःच्या हाताने मोडला होता, आणि बोलायची वेळ आली तेव्हा नुसता गेरू कालवून दिला होता. तांडा परत आला की झमकूचे पाय धरून सगळे सांगायचे, असे ठरवून ती फाट्यावर जाऊन बसू लागली. पण तेवढ्यात खालच्या अंगाने आगगाडी सुरू झाली आणि मीठ तिच्यातून जाऊ लागले. तांडा पुन्हा या वाटेला आला नाही. आवडाई वाट बघून थकली, तेव्हा जो कोणी वाटसरू येई त्यालाच ती सांगू लागली. गावाला राग आला. पाटलांनी दटावले, "गावची अब्रू वेशीवर टांगतीस व्हय?" ती म्हणाली, "पाटील, टांगायला उरलीया कुठं?" पाटील तसेच घरी गेले. पण म्हातारपणी तेही फाट्यावर येऊन तिच्याशेजारी बसत, असे सांगतात.

दोघे गेले त्याला जमाना झाला. आजही माळावर येईल त्याला आम्ही हे सांगतो. एखादा कंटाळतो, एखादा मध्येच उठून जातो, त्याला आमचा इलाज नाही. झमकूचे लेक-नातू कुठल्या गावी राहिले, आता कोणते आडनाव लावतात, आम्हाला ठाऊक नाही. ते तुमच्यातही असतील. म्हणून प्रत्येकाला सांगायचे. तर ऐका. ते हात पावसाने गेले नव्हते. आम्ही पुसले.