नऊ ठिगळं

दोष शिकलगार मास्तरांचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पांढरी दाढी आणि थरथरते हात बघितले की आपली माणसं लगेच विरघळतात.

"अजून किती भोकं निघणार, मास्तर?"

"आहेत तेवढी."

"काल पण हेच म्हणालात."

"काल पण होती."

सुमेध गवंडीनं दात आवळले. दुपारचे साडेबारा वाजले होते. दोन वाजता त्याच्या वडिलांना ऑपरेशनला आत नेणार होते.

हे त्यानं मास्तरांना सांगितलं नव्हतं. "दोनच्या आत मला निघायचंय," एवढंच. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडल्यापासून थोरामोठ्यांना कारणं सांगणंही त्यानं सोडलं होतं. कारण दिलं की सल्ला येतो.

मास्तरांनी चाळीस वर्षं पेपरवाल्यांचे कॅमेरे दुरुस्त केले. आता पेपरवाल्यांकडं तसले कॅमेरे नाहीत आणि मास्तरांकडं पेपरवाले येत नाहीत. मिरजेच्या एका बोळात दोन खोल्या. बाहेरची उजेडाची, आतली कायमची काळी. आणि सुमेधसारखा एखादा, ज्याला भंगारातून जुने प्रेस कॅमेरे उचलून आणून नवे करायचं वेड.

त्याच्याकडं असे अकरा होते. पितळ घासलेलं, चामड्याला तेल पाजलेलं, सगळे काचेच्या कपाटात. एकातूनही त्यानं कधी फोटो काढला नव्हता.

अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, नेमकं तिथंच बोट ठेवलं. दोन वर्षांत बापलेकांत झालेलं ते पहिलं धड वाक्य.

"तुझ्या त्या डबड्यात एकदा माझं थोबाड उतरव की. शाबूत आहे तोवर."

तंबाखूनं अण्णांचा उजवा जबडा खाल्ला होता. डॉक्टर तो काढणार होते.

मोबाइलवर फोटो एका सेकंदात निघाला असता. पण अण्णांनी मोबाइल मागितला नव्हता. डबडं मागितलं होतं.

म्हणून सुमेध अकरांतला सगळ्यात चांगला कॅमेरा घेऊन मास्तरांकडं आला. फिल्मचं एकच पान होतं त्याच्याजवळ, एका फोटोपुरतं. मास्तरांनी कॅमेऱ्याचा भाता ओढून बघितला. भाता म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्या मधला चामड्याचा, घड्याघड्यांचा बोगदा. त्याला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी उजेड आत शिरतो आणि फोटोची माती होते.

"भोकं आहेत," मास्तर म्हणाले होते.

शोधायची रीत जुनीच. भात्याच्या आत बॅटरी पेटवून ठेवायची, काळ्या खोलीत बसायचं आणि उजेडाचा कण कुठून फुटतो ते बघायचं. मास्तर म्हणायचे, "वरच्या घडीत बघ." पाच मिनिटांत सुमेध आतून ओरडायचा, "दिसलं!" मग काजळी कालवलेल्या सरसाचं ठिगळ. ते वाळेपर्यंत चहा. चहाबरोबर मास्तरांच्या गोष्टी, त्याच त्या, कुठल्या मंत्र्यानं कुणाच्या कॅमेऱ्यावर कशी काठी मारली याच्या.

चार दिवस. नऊ ठिगळं.

"मोबाइल इथं ठेव," मास्तरांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढं केला. "त्याचा उजेड डोळ्यात गेला की पुन्हा पहिल्यापासून. आवाजही बंद कर."

"मला दोनच्या आत..."

"वेळ आहे."

सुमेध आत गेला. दार लागलं.

आज मास्तरांनी कुठली घडी ते सांगितलं नव्हतं.

पाच मिनिटं झाली असतील. समोर कॅमेरा असावा, पण दिसत काहीच नव्हतं. एक ठिपका हलला. सुमेध पुढं सरकला. ठिपकाही सरकला. त्यानं डोळे मिटले, तरी ठिपका होताच. म्हणजे तो भात्यातला नव्हे, त्याच्याच डोळ्यातला.

नऊ वेळा 'दिसलं' म्हणताना आपण डोळे मिटून बघितले नव्हते, हे त्याच्या लक्षात आलं.

"किती वाजले, मास्तर?"

"वेळ आहे."

अण्णांची दाढी केली असेल. नाकात नळी घातली असेल? नळी घातल्यावर फोटो काय काढायचा... आई दाराकडं बघत असेल. इथून दवाखाना चालत दहा मिनिटं, पळत पाच. पण भोक राहिलं आणि फोटोत अण्णांच्या तोंडावर पांढरा डाग उठला तर? तेवढंच म्हणतील, बघ, डबडंच ते.

"मास्तर, वाजले किती?"

"बघ की नीट. वेळ आहे."

ठिपके एकेक करून मेले. अंधार बसला. मग दारातल्या किल्लीच्या भोकात कोंबलेली चिंधी दिसायला लागली, तिच्या कडेनं आलेला केसाएवढा उजेड दिसायला लागला. त्या उजेडात स्वतःची बोटं. म्हणजे डोळा तयार होता.

आणि भाता काळाच होता. ठार काळा.

बॅटरी विझली असणार. चाचपडत त्यानं कॅमेऱ्याची पाठ उघडली. उजेड थोबाडीत मारल्यासारखा तोंडावर आला.

बॅटरी पेटलेली होती.

सुमेध धडपडत बाहेर आला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

डब्यातल्या मोबाइलवर आईचे सात मिस्ड कॉल होते. शेवटी बहिणीचा मेसेज. 'आत नेलं. गाऊन घालायच्या आधी इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते अर्धा तास.'

त्यानं तो दोनदा वाचला.

मास्तर चहा गाळत होते. दोन कप.

"भोक नाहीये," सुमेध म्हणाला.

"नाही."

"कधी बुजलं?"

"नव्हतंच."

"...पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग नऊ ठिगळं कशावर लावली मी?"

मास्तरांनी गाळणी आपटून चोथा झाडला.

"मी म्हणालो, आहे. तू म्हणालास, दिसलं."

सुमेधच्या तोंडात शिवी आली होती. ती तिथंच अडकली.

"माझ्या बापाचा जबडा काढतायत आत्ता," तो म्हणाला. "त्यांचा फोटो काढायचा होता यातून. त्याच्या आधीचा. त्यांनी मागितला होता."

मास्तरांनी गाळणी खाली ठेवली.

"...सांगितलं नाहीस."

"विचारलं नाहीत. चार दिवसांत साखर किती घालू, एवढंच विचारलंत मला."

बोळातून कुणाची तरी मोटारसायकल गेली.

मग मास्तर उठले. आतून कॅमेरा आणला, भात्यातली बॅटरी काढून बंद केली, कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर चढवला. समोर स्टूल ओढलं. सदऱ्याचं वरचं बटण लावलं, दाढीवरून हात फिरवला आणि लेन्सकडं तोंड करून बसले.

"हे काय?"

"काढ. पेपरात आधी गुन्हेगाराचा फोटो लागतो."

सुमेध का वाकला ते त्यालाही सांगता आलं नसतं. कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर मास्तर उलटे दिसत होते. डोकं खाली, पाय वर. त्यांच्या शेजारी दोन कप, तेही उलटे, आणि त्यांतला चहा सांडत नव्हता. भात्यातून कुठूनही उजेड येत नव्हता. असा स्वच्छ फोटो या कॅमेऱ्यातून कुणाचाही निघाला असता. पहिल्याच दिवशी, सोमवारीच निघाला असता.

त्यानं भाता मिटला. कॅमेरा उतरवला.

"फिल्म एकच आहे," तो म्हणाला. "तुमच्यावर नाही घालवणार."

मास्तर बसूनच राहिले. बटण तसंच.

दारात चप्पल घालताना सुमेधनं मान न वळवता विचारलं, "का केलंत?"

"चहा निवतोय."

"मास्तर, का?"

"भोक नाही म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी गेला असतास."

सुमेध पायरी उतरला. पाठीमागं पातेल्यात चहा परत ओतल्याचा आवाज आला. एका कपाचा.

"आता तू यायचा नाहीस," मास्तर म्हणाले.