दोन हजार हात लांब पाट

एका गावात एक मुकादम होता. हैबती त्याचं नाव. गावाला पाणी नव्हतं. बायका रोज डोंगर चढून झऱ्याचं पाणी आणत. राजाने हैबतीला हुकूम दिला, "चैत्राच्या आत गावापासून झऱ्यापर्यंत पाट खणून पाणी खाली आण."

वाटेत काळा कातळ होता. यल्लूबाई पाथरवटीण म्हणाली, "मुकादम, आधी कातळ फोडा. माती काय, महिन्यात उकरून हुईल."

हैबती हसला. कातळ दिवसभर फोडला तरी वीतभर सरकणार. मग राजाला कळवायचं काय? त्याने गावाकडून, मऊ मातीत खणायला घेतलं. रोज दोर लावून पाट मोजायचा. शंभर हात भरले की नारळ फोडायचा आणि निरोप धाडायचा, "काम पुढे आहे!"

कातळ लागला. आता तरी शहाणा थांबेल? छे! पठ्ठ्याने पाट वळवला आणि मऊ माती बघत भलतीकडेच खणत सुटला. झरा दूर राहिला, पण दोरावरचे हात वाढत होते ना! राजा तरी कसला? त्याने पाण्याचं एकदाही विचारलं नाही. उलट खूश होऊन पागोटं पाठवलं. चीड येते ती या दोघांच्या आनंदाची. कारण त्याच सुमारास, फाल्गुनात, पाणी आणताना यल्लूबाईची सून डोंगरावरून घसरली आणि तिचा पाय मोडला.

चैत्रात राजा पाट पाहायला आला. पाटात नुसती धूळ होती.

"पाणी कुठे आहे?"

"महाराज, पाट दोन हजार हात झाला!" हैबती छाती फुगवून म्हणाला.

यल्लूबाई पुढे झाली. "म्हाराज, दोर झऱ्यापासनं लावा. कातळ लागला तवा पाटाचं तोंड झऱ्यापासनं दोनशे हातांवर हुतं. आता नऊशेवर हाय. माझ्या सुनेचा पाय मोडला, त्या दिवशीबी तुमास्नी 'काम पुढे आहे' असाच निरोप आला असंल."

राजाची मान खाली गेली. त्याने हैबतीच्या हाती छिन्नी दिली आणि स्वतः हातोडा उचलला. संध्याकाळपर्यंत दोघांनी वीतभर कातळ फोडला. बायका मात्र तो सगळा उन्हाळा डोंगर चढतच राहिल्या. चूक कळली म्हणून काही पाणी येत नाही.

तात्पर्य: काम वाढलं म्हणजे पुढे गेलं असं नाही. ज्यासाठी ते काढलं, त्याच्या जवळ आलो का, हे करणाऱ्याने रोज तपासावं आणि करवून घेणाऱ्याने रोज विचारावं.