तांबट आळी आणि दोन ग्राफिक्स कार्डं

एकदा एक गुरुजी होते. तांत्रिक विद्यालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पेठेत संगणक दुरुस्तीचं दुकान थाटलं होतं. हाताखाली एक शिष्य होता. हुशार, पण अंमळ घाईचा. हुशार माणसांना हा रोग असतोच.

एके दिवशी सुलभा वडके नावाच्या बाई लॅपटॉप घेऊन आल्या. सोबत त्यांचे वडील, तात्या. तात्यांचा सारा जन्म तांबट आळीत गेला आणि ती आळी रस्तारुंदीत गेली. काय आळी होती हो ती! तांब्यावरच्या ठोक्यांनीच आम्हा पेठकरांना जाग यायची. तिचे फोटो फारसे कुणाकडे नाहीत. म्हणून तात्या आठवून सांगत आणि सुलभाताई लॅपटॉपवर घर न् घर उभं करत. आतून फिरता येईल अशी अख्खी आळी. तात्यांची दृष्टी मात्र झपाट्यानं मंदावत होती. आळी पाहायची तर आत्ताच, आणि नेमकी आत्ताच ती पडद्यावर अडखळत, तुटत दिसू लागली होती.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं होती. एक रोजच्या कामाचं, साधं. दुसरं अवजड चित्रांसाठी, दमदार. शिष्याला वाटलं, साध्याचीच लुडबुड होत असणार. त्यानं ते बंद केलं, दमदार कार्डाचा नवाकोरा ड्रायव्हर (म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर) घातला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा काळाकुट्ट! सुलभाताईंचा चेहरा उतरला.

"गेली का गं आळी परत?" तात्यांनी हळूच विचारलं.

गुरुजींनी कोपऱ्यातला जुना मॉनिटर वायरीनं लॅपटॉपला जोडला. त्यावर चित्र आलं. म्हणजे दमदार कार्ड ठणठणीत होतं. शिष्याचा जीव भांड्यात पडला. पण पुढं गुरुजींनी जे केलं ते त्याला उमगेना. त्यांनी साधं कार्ड पुन्हा सुरू केलं आणि ते चालणारं दमदार कार्डच बंद केलं. आधी साध्याचा योग्य ड्रायव्हर घातला आणि मगच दमदार कार्डाला जागं केलं. चालणारं का बंद केलंत, असं शिष्यानं विचारलं.

गुरुजी म्हणाले, "अरे, या लॅपटॉपचा पडदा साध्या कार्डालाच जोडलेला आहे. दमदार कार्ड चित्र काढतं आणि ह्याच्या हाती देतं. डोळ्यांपुढं आणतं ते हेच. ह्याचा ड्रायव्हर बिघडला होता, तर तू ह्यालाच घरी बसवलंस. मग आत कितीही सुंदर चित्र असो, ते आतच राहणार. म्हणून आधी दाखवणाऱ्याची घडी नीट बसवायची."

आळी उघडली. या वेळी ती कुठंही अडखळली नाही. पडद्याला जवळजवळ नाक लावून तात्या घराघरांतून फिरले. एका दारापाशी त्यांचं बोट थांबलं.

"सुलभा, ही भट्टी जरा अलीकडं घे. इथं तुझी आई उभी राहायची. तिला जागाच राहिली नाही बघ."

सुलभाताईंनी डोळे पुसले आणि भट्टी सरकवली. दारापाशी माणूसभर जागा झाली. तात्या तिथं बघत बसले.

शिष्य त्या बापलेकीकडं पाहत राहिला. एवढी मोठी आळी त्या म्हाताऱ्याच्या आत होती, आणि ही लेक नसती तर ती कुणालाच दिसली नसती. तात्यांना स्वतःलासुद्धा नाही.