तंबोऱ्याचे चार धागे

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा पाहू? कापडाचं ठाण पुरतं उलगडून दाखवणाऱ्यावर, की वरची एक घडी दाखवून "आतही असंच आहे" म्हणणाऱ्यावर?

कापडाच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं, पण याचं उत्तर गल्ल्यावर बसून नाही मिळालं. मिरजेत, दर्ग्यामागच्या एका खोलीत मिळालं.

तिथे दस्तगीरबाबा राहतात. गाणं शिकवतात, फीचं नाव काढत नाहीत. माझ्या शेजारच्या दुकानदाराची मुलगी, सानिका, उन्हाळ्यापासून त्यांच्याकडे जायची. हुशार पोरगी. आणि ते तिला ठाऊक होतं.

त्या दिवशी मीच तिला स्कूटरवरून सोडायला गेलो. एका मोठ्या कॉलेजचा अर्ज भरायचा होता. तुम्हाला कोणत्या कलेची आवड आहे ते छोट्या व्हिडिओत दाखवा, असं त्यात होतं. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची.

"बाबा, तुम्ही एवढंच म्हणा," सानिका म्हणाली, "की ही लहानपणापासून माझ्याकडे शिकतेय."

"लहानपणी कुठे होतीस तू?"

"कथकला. मग मातीकाम. मग फोटोग्राफी."

"मग त्यांना म्हणायला सांग की."

"त्यांचं आधीच लिहिलंय."

बाबा हसले. मीही हसलो, पण जरा कडेला बघून.

"आणि इथे काय शिकलीस?"

"तुम्ही गाऊ कुठे दिलंत? नुसतं तंबोरा छेडत बसवलंत."

"हं…"

तिने मोबाईल खिडकीत टेकवला, चालू केला आणि तंबोरा मांडीवर घेतला. आदल्या संध्याकाळी तिने तो पुसून लख्ख केला होता. सूर त्याआधीच लावून ठेवले होते.

तार छेडली… आवाज पत्र्याच्या डब्यासारखा.

"काल तर बरा होता," ती पुटपुटली.

तारा जिच्यावरून जातात त्या घोडीवर बाबांनी बोट फिरवलं.

"इथले धागे कुठे गेले?"

"ते तारांखाली अडकलेले दोरे? व्हिडिओत घाण दिसले असते, बाबा. कचरा म्हणून काढले मी. चारही."

मला वाटलं, आता बाबा चिडणार.

त्यांनी खांद्यावरच्या पंच्याची कड धरली. पंचा माझ्याच दुकानातला, पक्क्या सुताचा म्हणून दिलेला. धागा अलगद निघाला. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

धागा पहिल्या तारेखाली सरकवला. किंचित पुढे… किंचित मागे… आणि तार गुंजायला लागली. खोलीभर.

मग त्यांनी पंच्याची कड सानिकापुढे धरली.

"तीन राहिल्या."

"वेळ नाही हो, बाबा. उद्या अर्ज जायचाय."

बाबांनी कड तशीच पुढे धरून ठेवली.

ती बसली. धागा पुढे गेला की आवाज दबायचा, मागे आला की पुन्हा डबा. आधी दर थोड्या वेळाने मोबाईलकडे बघत होती. मग बघेनाशी झाली. मी चहा आणला, तो निवला. अजान झाली. मोबाईल कधी बंद पडला, तिला कळलंही नाही.

आणि केव्हातरी एक तार बोलली.

सानिका थांबली. पुन्हा छेडली. भोपळ्याला कान लावून डोळे मिटून बसली… बाबाही तसेच, भिंतीला टेकून.

उरलेल्या दोन मात्र काही केल्या बोलेनात.

"बाबा," ती बऱ्याच वेळाने म्हणाली, आवाज अगदी बारीक, "आता अर्जात काय लिहू?"

बाबांनी विरलेला पंचा खांद्यावर टाकला.

"चार धागे काढले, एक बसवला… एवढं लिही. हिशोब खरा ठेव, बेटा."